'आजीला उठवत नाही' : करवणारे आणि न करवणारे क्रियापद एकच कसे?

अजिंक्यताऱ्याखालून

गेल्या आठवड्यात आमच्या घरात एका वाक्यावरून जे घडले, ते अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. आजी साताऱ्याच्या घरी माझ्या थोरल्या बहिणीजवळ असते. तिचे वय ८८ आहे. मी नोकरीनिमित्त कराडला असतो. सकाळी सातच्या सुमारास बहिणीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एवढेच लिहिले : "आजीला उठवत नाही." मी ते वाचले, रात्री तिला झोप लागली नसेल, म्हणून बहीण तिला झोपू देत असेल असे समजलो आणि कामाला लागलो. पुण्याच्या धाकट्या काकांनी तेच वाक्य वाचले आणि तडक गाडी काढली. काका बरोबर होते. आजीचे गुडघे आणि कंबर इतकी आखडली होती की तिला पलंगावरून पाय खाली घेणेही अशक्य झाले होते. मला हे दुपारी दोन वाजता कळले, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

त्या वाक्याला दोन्ही अर्थ आहेत, हे नंतर शांतपणे वाचल्यावर लक्षात आले. '(मी) आजीला उठवत नाही' हा एक, आणि 'आजीला स्वतःला उठणे शक्य होत नाही' हा दुसरा. बसवणे, झोपवणे, चालवणे, जगवणे या सगळ्यांचे तसेच आहे. एका अर्थात आपण दुसऱ्याकडून काही घडवून आणतो, आणि दुसऱ्या अर्थात आपलेच शरीर किंवा मन आपले ऐकत नाही. हे दोन अर्थ एकमेकांपासून इतके दूर असताना दोघांना 'अव' हा एकच प्रत्यय (उठ + अव = उठव) कसा पुरला? इतर भाषांत असे होते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

हळदपेठ

आजींना लवकर बरे वाटो. आमच्या घरी हा गोंधळ झाला नसता, कारण आम्ही सर्रास 'उठता येत नाही' असे म्हणतो.

विट्याचे मास्तर

पहिल्या अर्थाच्या रूपाला प्रयोजक क्रियापद म्हणतात आणि दुसऱ्या अर्थाच्या रूपाला शक्य क्रियापद. मी ३१ वर्षे हे दोन्ही प्रकार फळ्यावर शेजारी शेजारी लिहून शिकवले, पण त्यांच्यात अशी गफलत होऊन एखाद्या घरात काळजीचा प्रसंग येईल, असे मनात आले नव्हते.

रूपे तपासून पाहू. बोलणारा पुरुष असेल तर 'आजीला उठवतो' याचा अर्थ एकच होतो, कारण शक्य क्रियापद तिथे 'उठवते' असेच राहील. बोलणारी स्त्री असेल तर मात्र 'आजीला उठवते' हे दोन्हीकडे सारखेच. नकारात 'उठवत नाही' म्हटले की स्त्री-पुरुष हा भेदही मिटतो. भूतकाळात 'उठवले नाही', तेही दोन्हीकडे सारखेच. भविष्यकाळात 'उठवीन' आणि 'उठवेल' असे दोन रस्ते फुटतात. म्हणजे आपल्या भगिनींनी जे रूप लिहिले, ते नेमके सर्वांत संदिग्ध होते, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही. मराठीत 'मी' गाळण्याची सवय आहे. तो लिहिला असता किंवा 'आजीच्याने उठवत नाही' असे लिहिले असते, तर प्रश्न उरला नसता. हा 'च्याने' फक्त शक्यतेचाच कर्ता दाखवतो.

घाटावरची

@हळदपेठ, 'येत नाही' आणि 'वत नाही' हे एकच नाहीत, असे माझे ठाम मत आहे. 'मला पोहता येत नाही' म्हणजे मी पोहायला शिकलेलेच नाही, किंवा विहिरीला पाणीच नाही. 'मला पोहवत नाही' म्हणजे मला पोहायचे कसे हे पक्के ठाऊक आहे, पण आज दम पुरत नाही. 'मला बघवत नाही' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा त्याचे डोळे उत्तम असतात. मन धजत नसते. 'मला बघता येत नाही' हे त्या जागी ठेवून पाहा, वाक्यातला सगळा जीवच जातो. 'मला राहवले नाही' याला तर दुसरा पर्यायच नाही. तिथे 'राहता आले नाही' म्हटले, तर घर भाड्याने मिळाले नाही असा अर्थ होईल.

तरुण मंडळी हल्ली सरसकट 'शकत नाही' वापरतात आणि ही छटा घालवतात, याचे मला खरोखर दुःख होते.

जतची वाट

आमच्या घरात आईकडून कन्नड आणि वडिलांकडून मराठी आहे, म्हणून हे दोन्ही बाजूंनी बघता येते. कन्नडात करवण्यासाठी धातूला 'इसु' लावतात. माडु म्हणजे करणे, माडिसु म्हणजे करवणे. ओडु म्हणजे धावणे, ओडिसु म्हणजे पळवणे, आणि मोटार चालवण्यालाही ओडिसु हेच. इथपर्यंत मराठीसारखेच आहे. पण न करवण्यासाठी कन्नड हा प्रत्यय वापरत नाही, ती 'आगु' म्हणजे 'होणे' या धातूकडे जाते. 'ननगे नडेयलु आगुवुदिल्ल' याचे शब्दाला शब्द 'मला चालायला होत नाही' असे होते. आता आमच्या जत भागात मराठी म्हातारी माणसेसुद्धा 'मला चालाय होईना' असेच म्हणतात. तेव्हा @अजिंक्यताऱ्याखालून, आपली बहीण जतला असती, तर तिने 'आजीला उठाय होईना' असे लिहिले असते आणि कोणाचीच चूक झाली नसती.

वाईचा विद्यार्थी

संस्कृतची बाजू थोडी मांडतो. पाणिनीने कर्त्याची व्याख्या 'स्वतन्त्रः कर्ता' (१.४.५४) अशी केली आणि लगेच पुढच्या सूत्रात 'तत्प्रयोजको हेतुश्च' असे म्हणून त्या स्वतंत्र कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्तेपण दिले. म्हणजे 'करवणाऱ्या' वाक्यात दोन कर्ते असतात, आणि ज्याच्याकडून करवून घेतले, त्याचेही कर्तेपण कायमचे हिरावले जात नाही. हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

इच्छेबद्दलही तिथे लक्ष आहे. कर्म म्हणजे कर्त्याला सर्वाधिक इष्ट असते ते, असे ४९व्या सूत्रात सांगून ५०व्यात 'तथायुक्तं चानीप्सितम्' अशी भर घातली आहे : नको असलेली वस्तूही त्याच रीतीने क्रियेत सापडली, तर तीही कर्मच. गावाला जाणारा माणूस वाटेतल्या गवताला स्पर्श करतो, हे त्याचे परंपरेतले उदाहरण आहे. गवताला हात लावायला तो निघालेला नव्हता.

संस्कृतात इच्छेसाठी तर धातूचेच वेगळे रूप होते. पिपासा, जिज्ञासा, जिजीविषा, मुमुक्षु हे त्यातूनच आलेले शब्द, आणि आजारी माणसाची आपण करतो ती 'शुश्रूषा' हीदेखील मुळात 'ऐकण्याची इच्छा' आहे. मराठीने हे शब्द घेतले, पण रूप घडवण्याची रीत घेतली नाही. आपण 'प्यावेसे वाटते' असे म्हणतो.

'अव' हा प्रत्यय मात्र आपल्याकडे सरळ वारशाने आला आहे. स्थापयति, दापयति अशा रूपांतला 'आपय' प्राकृतात इतर धातूंनाही लागू लागला, त्याच्या 'प'चा 'व' झाला आणि करवणे, बसवणे असा विस्तार झाला. हे झाले प्रयोजकाचे. शक्यार्थाकडे तो कसा वळला, हा खरा प्रश्न आहे.

उसाच्या फडातून

फार शिकलेल्यांच्या चर्चेत एक रोजचे उदाहरण देतो. हंगामात आमच्याकडे एकमेकांना 'तुमचा ऊस तुटला का?' असे विचारतात. 'ऊस गेला का?' असेही विचारतात. टोळीतली माणसे पहाटे थंडीत कोयते घेऊन फडात उतरतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून ट्रॉलीत चढवतात, आणि भाषेत मात्र ऊस आपला आपण तुटतो आणि आपल्या पायांनी कारखान्याला जातो. 'तोडला' म्हणायला कोणाची हरकत नाही, पण म्हणत नाहीत.

वाईचा विद्यार्थी

@उसाच्या फडातून, आपले उदाहरण अगदी शास्त्रशुद्ध आहे. 'भिद्यते काष्ठं स्वयमेव', म्हणजे लाकूड आपोआप फुटते, असा प्रयोग व्याकरणात 'कर्मकर्तरि' म्हणून येतो. कर्माची क्रिया इतकी सहज होते की तेच कर्ता असल्यासारखे बोलले जाते.

कृष्णाकाठ

उसावरून पाण्याकडे येतो, कारण सांगलीत हा व्याकरणाचा मुद्दा जिवाशी येतो. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे, पडणे-पाडणे तसे सुटणे-सोडणे. २००५ आणि २०१९ या दोन्ही महापुरांत मी गावभागात होतो. त्या दिवसांत प्रत्येक जण प्रत्येकाला 'आयर्विनला किती फूट?', म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर, एवढेच विचारत असे, आणि पुढचा प्रश्न 'वरून (धरणातून) पाणी सुटले का?' हा असे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर पाणी असताना वडील एकदम चिडून म्हणाले, "सुटले काय म्हणता, ते काय दावे तोडून आले आहे? सोडले म्हणा." तेव्हापासून मी 'सुटले' असे कधीच लिहीत नाही. 'सुटले' म्हटले की विचारायला समोर कोणी उरतच नाही.

पाटणखोरे

@कृष्णाकाठ, आपल्या घराचे झाले त्याबद्दल मनापासून वाईट वाटते, पण मी कोयनेच्या बाजूचा असल्याने दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. कोयना धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. ते भरत आले आणि वरून पाऊस थांबत नसला, की सांडव्याचे सहा दरवाजे उचलावेच लागतात, नाही तर धरणालाच धोका. शिवाय सांगलीला येणारे सगळे पाणी धरणाचे नसते. धरणांच्या खालच्या भागात पडणारा पाऊस असतो, आणि हरिपूरला वारणा येऊन मिळते. त्या पाण्याला कोणी सोडत नाही. ते येते.

म्हणून 'सुटले' आणि 'सोडले' यांच्या मध्ये मराठीने 'सोडावे लागले' अशी जागा ठेवली आहे, ती विसरू नये. करणारा आहे, हातही त्याचाच आहे, पण इच्छा त्याची नाही.

कृष्णाकाठ

'सोडावे लागले' हे मान्य. पण ते 'कोणाला' लागले, हे तरी वाक्यात लिहिले जावे. 'लागले'ला कर्ता 'ला' घेऊन येतो आणि तो गाळायला फार सोपा असतो.

मिरजवासिनी

दोघांचेही पटते. मी मूळ प्रश्नाकडे जाते, कारण माझ्या सासूबाई शेवटचे दीड वर्ष अंथरुणावर होत्या आणि या क्रियापदांमध्ये मी अक्षरशः दिवस काढले आहेत.

त्या म्हणायच्या, "मला खाववत नाही गं." मग मी म्हणायची, "मी भरवते." बघा, 'खाणे'ला 'अव' लावून होणारे 'खाववणे' आपण जवळजवळ फक्त न करवण्यासाठी राखून ठेवले आहे. दुसऱ्याला खायला देण्यासाठी मराठीत वेगळेच शब्द आहेत, आणि प्रत्येकात कोणाची इच्छा किती, याचे माप आहे. 'भरवणे' म्हणजे घास माझ्या हाताने त्यांच्या तोंडापर्यंत. 'जेवू घालणे' म्हणजे पान मी वाढायचे, जेवणारा आपल्या हाताने आणि मनाने जेवणार. 'चारणे' हे गुरांसाठी, पण लाडाने लेकरासाठीही. 'खाऊ देणे' म्हणजे अडवायचे नाही. 'खायला लावणे' म्हणजे नको असताना. औषधासाठी 'पाजणे', आणि तेही 'प्यायला लावणे' होऊ नये, यासाठी मी फार जपत असे. मऊ भात, त्यावर वरण, वर थोडे तूप, चमचा ओठाला लावून थांबायचे. त्यांनी तोंड उघडले तरच पुढे. एक दिवस त्यांनी चमचा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "आज बघू खाववते का." त्यांना ते वाक्य होकारात म्हणताना मी तेवढे एकदाच ऐकले.

विट्याचे मास्तर

ताई, आपण लिहिलेले एखाद्या पाठापेक्षा अधिक शिकवून गेले. शक्य क्रियापद बहुतेक नकारात किंवा प्रश्नातच का येते, हा मुद्दा आता प्रथमच मला असा स्पष्ट दिसला. ज्याला सहज चालता येते, तो 'मला चालवते' असे कशाला म्हणेल? शक्तीचा विचार ती कमी पडली की मगच होतो.

दूरदेशी सातारकर

मी भाषाविज्ञानाचा अभ्यास करतो, मूळ गाव कोरेगाव तालुक्यात. मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला, म्हणजे इतर भाषांत काय होते याला, माझे उत्तर 'होय, आणि फार सुंदर रीतीने होते' असे आहे.

कोरियन भाषेत 'बोइदा' या एकाच क्रियापदाचे 'दिसणे' आणि 'दाखवणे' असे दोन्ही अर्थ आहेत. तिथे करवण्याचा आणि कर्मणीचा प्रत्यय अनेक धातूंत एकच असतो. मांचू भाषेतला 'बु' हा प्रत्ययही अशी दोन्ही कामे करत असे. जपानीत 'तबेरु' म्हणजे खाणे, आणि 'तबेरारेरु' म्हणजे 'खाल्ले जाणे', तसेच 'खाता येणे'. म्हणजे करवण्याचा प्रत्यय आणि कर्मणीचा प्रत्यय शेजारी राहतात हे कोरियन दाखवते, आणि कर्मणी व शक्यता शेजारी राहतात हे जपानी दाखवते. मराठीने साखळीची दोन टोके एकाच 'अव'मध्ये आणली. मधली कडी, माझ्या मते, अशी असावी : 'आजीच्याने उठवत नाही' म्हणजे मुळात 'आजीकडून उठणे घडवले जात नाही'. आजीचे मन प्रयोजक आहे, तिचे शरीर प्रयोज्य (ज्याच्याकडून करवून घ्यायचे ते) आहे, आणि हुकूम पाळला जात नाही. हा माझा तर्क आहे, पण पाणिनीचे दोन कर्ते मला इथे एकाच माणसात दिसतात.

सिंहली तर आपल्या भाषाकुळातलीच. तिच्यात 'मम नटनवा' म्हणजे मी नाचतो, आणि 'मट नॅटेनवा' यात कर्ता 'मला'सारख्या विभक्तीत जातो, क्रियापद बदलते, आणि अर्थ होतो 'माझ्याकडून आपसूक नाचले जाते'. रचना आपल्या 'मला नाचवते'सारखीच आहे, पण आपण शक्यतेकडे गेलो, ते अनिच्छेकडे गेले. आपल्या 'राहवले नाही'मध्ये या दोन्ही वाटा जवळ येतात, असे मला वाटते.

इच्छेचा भेद विभक्तीने दाखवणाऱ्याही भाषा आहेत. जॉर्जियातल्या बात्सबी या छोट्या भाषेत 'मी पडलो' म्हणताना, चूक स्वतःची असेल तर 'मी'ला एक विभक्ती लागते आणि नसेल तर दुसरी. हिंदी-उर्दूत 'राम खाँसा' आणि 'राम ने खाँसा' यांपैकी दुसऱ्या वाक्यात मुद्दाम खाकरल्याचा अर्थ अनेकांना जाणवतो. तिबेटीत पाहणे आणि दिसणे, ऐकणे आणि ऐकू येणे अशा इच्छा असलेल्या व नसलेल्या क्रियापदांच्या जोड्याच आहेत, आणि त्या मराठीशी इतक्या जुळतात की शिकताना मला घरी आल्यासारखे वाटले. तुर्कीत प्रत्ययावर प्रत्यय चढतो : ओल्मेक म्हणजे मरणे, ओल्दुर्मेक म्हणजे मारणे, ओल्दुर्त्मेक म्हणजे मारवणे. हिंदीतही मरना, मारना, मरवाना असे तीन मजले आहेत. मराठी तिसऱ्या मजल्यावर सहसा प्रत्ययाने जात नाही, 'करवून घेणे' असा जिना वापरते.

घाटावरची

'माझ्या हातून कप फुटला' हे राहिले. हिंदीतही 'मुझसे टूट गया' आहे. युरोपीय भाषांत असे काही आहे का? इंग्रजीत तर सरळ 'मी फोडला' म्हणतात, आणि ते मला फार कठोर वाटते.

दूरदेशी सातारकर

स्पॅनिशमध्ये आहे. 'से मे कायो एल वासो', म्हणजे 'पेला माझ्याकडून पडला', जवळजवळ 'मला पेला पडला'. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी २०११ साली यावर केलेले संशोधन प्रसिद्ध आहे. लोकांना काही घटनांच्या चित्रफिती दाखवल्या, काहींत माणूस मुद्दाम वस्तू फोडतो, काहींत चुकून. मुद्दाम केलेले कोणी केले, हे इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना सारखेच आठवले, पण चुकून झालेले कोणाच्या हातून झाले, हे इंग्रजी भाषकांना अधिक आठवले.

कृष्णाकाठ

म्हणजे माझे वडील बरोबर होते. 'सुटले' असेच म्हणत राहिले, तर कोणी सोडले हे पुढे आठवतही नाही.

पाटणखोरे

वडील बरोबर होते, पण 'घाटावरची' ताईंच्या हातून कप फुटला तर त्यांना 'फोडला' म्हणायला लावणे, हेही बरोबर नाही. दोन्ही रूपे हवीत, आणि जिथली तिथे हवीत.

जतची वाट

म्हणूनच 'बोललो', 'बोलून गेलो' आणि 'बोलून बसलो' असे तीन प्रकार आपल्याकडे आहेत. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात ती निसटली, तिसऱ्यात पश्चात्ताप.

अजिंक्यताऱ्याखालून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिरजवासिनी ताई, आपला प्रतिसाद मी बहिणीला फोनवर वाचून दाखवला आणि आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. दूरदेशींचा दोन कर्त्यांचा तर्क आजीला सोपा करून सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "मी सांगते रे पायांना, ते ऐकत न्हाईत." मला वाटते, हे त्या तर्काला पुरेसे अनुमोदन आहे.

मास्तरांचा 'च्याने' आम्ही घरच्या गटावर अमलात आणला आहे. व्यायाम शिकवणाऱ्या ताई रोज येतात. आज सकाळचा बहिणीचा निरोप असा होता : "आजीच्याने आज उठवले. खिडकीपर्यंत चालवलेसुद्धा." त्याखाली आमच्या बारा वर्षांच्या भाच्याने लगेच विचारले, "कोणी चालवले?" तिने स्वतःच, काठी घेऊन, असे मी त्याला कळवले.